किनाऱ्यावरची वीज: बोटीतील बिघाड कसा शोधतात?
भारतात धक्क्याला लावलेल्या बोटीला किनाऱ्यावरून केबलने साधारण २३० व्होल्टची वीज मिळते. धक्क्यावरचा ईएलसीबी वारंवार पडत असेल, तर बहुधा वीजगळती असते. प्रथम बोटीवरचा फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करावा. तरीही ईएलसीबी पडला, तर दोष केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये असू शकतो. पडला नाही, तर मेन चालू करून एकेक सर्किट जोडावे. ज्याने तो पडेल, ते तपासावे. गिझरची कॉइल अनेकदा दोषी निघते.

ईएलसीबी वगळून थेट जोडणी कधीही करू नये. गळतीची वीज पाण्यात उतरल्यास जवळ पोहणाऱ्याचे स्नायू आखडून तो बुडू शकतो. गोड्या पाण्यात हा धोका अधिक असतो, कारण त्या पाण्यापेक्षा शरीरातून वीज सहज वाहते.