गोटलंडचा लाकडी राजा

बाल्टिक समुद्रातील गोटलंड हे स्वीडनचे बेट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे, ते तेथील भूमीत सापडलेल्या चांदीमुळे. व्हायकिंग काळातील शेकडो निधी तेथे मिळाले असून, १९९९ मध्ये स्पिलिंग्स येथील शेतात निघालेल्या चांदीचे वजन सुमारे ६७ किलो भरले. याच बेटावरून ‘कुब’ नावाचा एक साधा खेळ जगभर गेला. नावाचा अर्थ लाकडाचा ठोकळा, आणि खेळाचे साहित्यही लाकडाचेच.

आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद हिरवळीच्या दोन्ही टोकांस पाच-पाच ठोकळे उभे करतात. मधोमध त्यांहून उंच असा राजा असतो. दोन पक्ष आळीपाळीने सहा दांडकी खालून फेकून समोरचे ठोकळे पाडू लागतात. दांडके आडवे गरगरत गेलेले चालत नाही; ते टोकावर टोक उलटत गेले पाहिजे.

खरी मौज पुढेच आहे. पडलेला ठोकळा बाद होत नाही. ज्यांचा तो पडला, ते तो उचलून प्रतिपक्षाच्या आवारात टाकतात. तेथे तो पुन्हा उभा राहतो आणि त्यांना प्रथम तोच पाडावा लागतो. तो न पडल्यास प्रतिपक्षास तेथवर पुढे येऊन नेम धरण्याची मुभा मिळते. मात्र कुशल खेळाडू असे ठोकळे जवळजवळ टाकतो आणि एकाच फेकीत दोन-तीन लोळवितो. त्यामुळे हरत आलेला पक्षही एका डावात सावरतो. राजास हात घालावयाचा तो सर्वांत शेवटी. तो आधी पडला, तर पाडणाराच हरतो.

व्हायकिंग योद्धे शत्रूंच्या हाडांनी व कवट्यांनी हा खेळ खेळत, अशी कथा आवडीने सांगितली जाते. तिला पुरावा नाही. चांदी मातीत टिकते, लाकूड कुजते; परंतु पुराव्याचा अभाव हा काही पुरावा नव्हे. शिवाय ही कथा मान्य केली, तर हा खेळ आपल्या अंगणात जपणाऱ्या ग्रामीण कुटुंबांचे श्रेय दर्यावर्दी लढवय्यांच्या पदरात पडते.

गोटलंडच्या लोकांनी आपले जुने खेळ जाणीवपूर्वक राखले आहेत. त्यांसाठी स्टोंगा येथे १९२४ पासून क्रीडामहोत्सव सुरू झाला. कुबची कीर्ती त्यामानाने अलीकडची. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे संच बाजारात येऊ लागले. १९९५ मध्ये गोटलंडवरीलच रोने गावी जागतिक स्पर्धा सुरू झाली. आणि २००७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओ क्लेअर येथे तेथील राष्ट्रीय स्पर्धेस आरंभ झाला. तेथवर या लाकडी राजास नेले ते आजोबा आणि नातू एका पक्षात खेळू शकतील अशा त्याच्या नियमांनी. त्यासाठी कोणा योद्ध्याची कवटी लागली नाही.