नकाशावर उरलेली भाषा : काबो दे गाताचा 'अस्पर्श' किनारा

स्पेनच्या आग्नेय टोकाला, अल्मेरिया प्रांतात, काबो दे गाता नावाचा किनारा आहे. पर्यटनाची माहितीपत्रके त्याला भूमध्य समुद्रावरचा शेवटचा 'अस्पर्श' किनारा म्हणतात. निसर्गापुरते हे वर्णन बरोबर आहे. लाखो वर्षांपूर्वी विझलेल्या ज्वालामुखींचे काळे-तांबूस डोंगर थेट समुद्रात उतरतात. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. डोंगरउतारावर खुज्या ताडाची झुडपे आणि दोर वळायच्या कामी येणारे एस्पार्तो गवत. पाण्याखाली पोसिडोनिया या सागरी वनस्पतीची कुरणे. मिठागरात रोहित पक्षी उतरतात. आपल्या उजनी धरणावर येतो तोच मोठा रोहित. १९८७मध्ये या भागाला संरक्षण मिळाले, १९९७मध्ये युनेस्कोने तो जीवावरण राखीव क्षेत्रांत घेतला.

माझा आक्षेप 'अस्पर्श' या शब्दाला आहे. हा किनारा अस्पर्श नाही, रिकामा केलेला आहे. त्याची साक्ष तिथला नकाशाच देतो.

अल्मेरिया हे नावच अरबी. अल-मरिय्या म्हणजे टेहळणीची जागा, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. आधी ते शेजारच्या बज्जाना या गावाचे बंदर होते. इ.स. ९५५मध्ये कुर्तुब्याचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने तिथे शहर वसवले आणि अंदलूसचे आरमार ठेवले. बाराव्या शतकातला भूगोलकार इद्रीसी या शहरात रेशमाचे ८०० माग असल्याची नोंद करतो. ही भरभराट अनेकांच्या डोळ्यांवर आली. ११४७मध्ये कास्तिलचा राजा आणि जिनोआचे आरमार यांनी मिळून शहर घेतले. जिनोआची जहाजे ज्या उपसागरात नांगरून होती, त्या पुळणीला आजही 'लोस खेनोवेसेस', म्हणजे जिनोआवाले, असे म्हणतात. दहा वर्षांनी मुवह्हिदांनी शहर परत मिळवले. १४८९मध्ये ते कायमचे गेले.

हे झाले राजांचे. अंदलूस म्हटले की आपण कुर्तुब्याच्या मशिदीवर आणि अलहंब्रावर उसासे टाकतो. पण काबो दे गाताला ना महाल आहे, ना मोठी मशीद. तिथे आहेत पाण्याच्या टाक्या, रहाट, पाट आणि मिठागरे. मुस्लीम शेतकरी आणि कोळी यांची आठवण ठेवायची असेल, तर या गोष्टींच्या नावांपाशी थांबायला हवे.

पावसाचे पाणी साठवायची घुमटी छताची टाकी म्हणजे 'अल्खिबे'. मूळ अरबी 'अल-जुब्ब'. सूरह यूसुफमध्ये भावांनी यूसुफ (अलैहिस्सलाम) यांना ज्या विहिरीत टाकले, तिच्यासाठी हाच शब्द आहे. शेताला पाणी नेणारा पाट म्हणजे 'असेकिया', अरबी 'अस-साकिया'. उर्दू शायरीतला साकी याच धातूचा. कोरड्या ओढ्याचे वाळूचे पात्र म्हणजे 'राम्ब्ला', अरबी 'रम्ला'. आपल्या रमलविद्येतला 'रमल' म्हणजेही वाळूच. 'असुफाइफो' हे काटेरी झुडूप आपल्या बोरीच्या कुळातले, आणि नावही अरबीतून आलेले. मिठागराच्या कडेला 'ला अल्माद्राबा' नावाची वस्ती आहे. अल-मद्रबा म्हणजे मारण्याची जागा: जाळ्यांत कोंडून ट्यूना, आपल्या कोकणातला कुपा, मारण्याचे ठिकाण. मदरशातली मुले अरबी व्याकरणाचा पहिला धडा 'जरब, यज्रिबु' असा घोकतात. तेच 'जरब' या कोळीवस्तीच्या नावात बसले आहे.

आज उभ्या असलेल्या सगळ्या टाक्या मुस्लीम काळातल्या नाहीत. कित्येक नंतरच्या ख्रिस्ती रहिवाशांनी बांधल्या. पण त्या बांधताना त्यांनी जुनेच तंत्र वापरले आणि जुनाच शब्द. माणसे घालवता आली, पण त्यांच्या कामाशिवाय या जमिनीवर जगता येत नव्हते.

माणसे कशी घालवली, तेही सांगायला हवे. शहर गेल्यावर सुरुवातीला धर्म पाळायची हमी होती. दहा-बारा वर्षांत ती मोडली आणि सक्तीचे धर्मांतर झाले. या धर्मांतरितांना 'मोरिस्को' म्हणत. १५६७मध्ये राजा दुसरा फिलिप याच्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, पोशाख आणि हमामही बंद केले. पुढच्याच वर्षी बंड उठले. ते चिरडून १५७०मध्ये मोरिस्कोंना ग्रानाडाच्या प्रदेशातून उचलून आत कास्तिलमध्ये विखुरले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनबाहेर काढण्यात आले.

मागे उरलेल्या ओसाड किनाऱ्यावर उत्तर आफ्रिकेतून सागरी चाचे येऊ लागले. हाकललेले काही मोरिस्कोही त्यांना सामील होते. भीतीने नवी वस्ती किनाऱ्याला टिकेना. तिथे बुरूज आणि गढ्या तेवढ्या उभ्या राहिल्या. लोस एस्कुयोसची अठराव्या शतकातली गढी त्यांपैकीच. आज जी निर्जन शांतता पर्यटकाला भुरळ घालते, तिच्या मागे पावसाची कमतरता जितकी आहे, तितकीच ही हद्दपारीही आहे.

किनारा वाचवायची धडपडही खरी आहे. उत्तरेकडच्या अल्गार्रोबिको पुळणीवर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी नकली अकाबा शहर उभारले गेले होते. पुढे तिथेच चारशेहून अधिक खोल्यांचे हॉटेल बांधायला घेतले. लोक कोर्टात गेले, २००६मध्ये काम थांबले, आणि तो पांढरा सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. उद्यानाच्या हद्दीला मात्र प्लास्टिकच्या हरितगृहांचा वेढा आहे. त्यांत युरोपसाठी टोमॅटो पिकवणारे कितीतरी मजूर मोरोक्कोचे आहेत आणि त्यांतले बरेच झोपड्यांत राहतात. समुद्रापलीकडे हाकललेल्यांच्या जागी समुद्रापलीकडचे हात पुन्हा राबत आहेत. कामाला हवेत, शेजारी नकोत, ही रीत जुनीच.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून १५६७चे ते फर्मान मला लढायांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. भाषेवर बंदी घालणाऱ्यांना वाटते की भाषा कागदावर आणि जिभेवर असते. ती पाटाच्या पाण्यात आणि कोळ्याच्या जाळ्यातही असते. साडेचारशे वर्षांनंतर स्पेनच्या सरकारी नकाशांवर आणि शेतकऱ्याच्या तोंडी त्याच भाषेचे शब्द आहेत. यात विजय मानण्यासारखे काही नाही. बोलणारे तर गेलेच. पण एखाद्या भूमीला 'अस्पर्श' म्हणण्याआधी तिथल्या टाक्या कोणी खोदायला शिकवल्या, एवढे तरी विचारावे. हा प्रश्न फक्त स्पेनपुरता नाही.