काशीची वाट आणि बंजाऱ्यांचे तांडे

काशीस गेलेला महाराष्ट्रीय यात्रेकरू अहिल्याबाईंच्या घाटावर उभा राहिला, की १७८० साली विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभविणाऱ्या त्या साध्वीचे त्यास सहजच स्मरण होते. परंतु नागपुराकडून त्याचे पूर्वज ज्या वाटेने चालत आले, ती राबती कोणी ठेवली, हा प्रश्न क्वचितच मनात येतो.

ही वाट सातपुडा ओलांडून शिवनीवरून जबलपुराजवळ नर्मदा गाठी. पुढे मैहर, रेवा करीत विंध्याचे घाट उतरून मिर्झापुरी गंगेस मिळे. तेथून काशी हाकेच्या अंतरावर. या वाटेवर वहिवाट बंजाऱ्यांची. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून त्यांचे तांडे मिर्झापुरास नेत; तेथून तो नावांतून कलकत्त्यास जाई. वाट तांड्याचा नाईक ठरवी. बैल चरत चरत चालत, म्हणून वैरणीचा खर्च नसे. मात्र मुक्काम पाण्यापाशी नि कुरणापाशीच पडला पाहिजे. कोणत्या खिंडीपलीकडे पाणी केव्हा आटते, हे ज्ञान हेच त्यांचे भांडवल.

१८६७ मध्ये नागपूर व जबलपूर या दोन्ही ठिकाणी आगगाडी आली आणि ते भांडवल कवडीमोल होऊ लागले. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढे काही बंजारा गटही त्यात सापडले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सरकारी दप्तरात आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्यास एक गोष्ट बोचते: ज्यांनी आम्हांस वाट दाखविली, त्यांची नोंद आमच्या दप्तराने संशयित म्हणून केली.