शून्य कॅलरीचे लेबल

शून्य कॅलरीचे लेबल : थोडीफार ऊर्जा असलेल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर छापलेला, कायद्याला मान्य असलेला पण वस्तुस्थितीशी न जुळणारा दावा. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेत चहा-कॉफीत घालायच्या कृत्रिम गोडीच्या पुड्या.

सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. दोन चमचे साखरेइतकी गोडी आणायला त्याचे काही मिलिग्रॅम पुरतात आणि एवढीशी पूड चिमटीतही नीट येत नाही. म्हणून एक ग्रॅमच्या पुडीत भर घालावी लागते, ती बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यांची. हे दोन्ही कर्बोदकेच असून त्यांतून ग्रॅममागे जवळपास साखरेइतकी, म्हणजे सुमारे ४ किलोकॅलरी (लेबलवर नुसते ‘कॅलरी’ म्हणतात ती हीच) ऊर्जा मिळते. त्यामुळे पुडीत तीन-साडेतीन कॅलरी असतात आणि वर शून्य छापलेले असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तिच्यात डेक्स्ट्रोज पहिले आणि सुक्रालोज शेवटी दिसते.

हे बेकायदेशीर नाही. पोषणविषयक लेबलांच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याखाली झालेल्या नियमांनुसार एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे एका वेळी खाल्ल्या जाणाऱ्या ठरावीक प्रमाणात, ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर ‘शून्य कॅलरी’ म्हणता येते. एका पुडीपुरता हा फरक खरोखर क्षुल्लक आहे; तेवढ्याच गोडीसाठी दोन चमचे साखर घेतली तर तीस-बत्तीस कॅलरी पोटात जातात. नियमातली खोट दिसते ती पदार्थ जास्त वापरल्यावर. केकसाठी मिळणाऱ्या दाणेदार मिश्रणाचे सर्व्हिंग एक चमचा, म्हणजे अर्धा ग्रॅम धरतात. त्यात साधारण दोन कॅलरी असतात आणि त्या शून्य लिहिल्या जातात. तिथल्या मापाचा एक कप म्हणजे ४८ चमचे. कपभर मिश्रणात म्हणून सुमारे ९६ कॅलरी होतात. शून्याची ४८ पट केली तर शून्यच यायला हवे. लेबलवरची संख्या हा साधा हिशेबही टिकू देत नाही.

तव्यावर फवारायच्या तेलाची गोष्ट याहून गंभीर आहे. डब्यात मुख्यतः तेलच असते, तरी सर्व्हिंग पाव सेकंदाची फवारणी, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम धरल्याने कॅलरी शून्य आणि स्निग्धांशही शून्य ठरतो. पाव सेकंदात हात थांबवून कोणी स्वयंपाक करत नाही. टिक टॅक ही गोळी बहुतांशी साखरेची. पण एका गोळीचे वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी भरते, म्हणून अमेरिकेतल्या लेबलवर साखर ० ग्रॅम लिहिता येते. नियामकांनी २०१६ साली अनेक पदार्थांची सर्व्हिंग प्रत्यक्ष खाण्याच्या जवळ आणली, मात्र ५ कॅलरींची सूट कायम ठेवली.

युरोपीय संघात पोषणमूल्ये १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावीच लागतात. शिवाय गोडीसाठीच्या पदार्थाला ऊर्जारहित म्हणायचे तर ६ ग्रॅम साखरेइतकी गोडी देणाऱ्या प्रमाणात ०.४ किलोकॅलरीहून जास्त ऊर्जा चालत नाही. डेक्स्ट्रोज भरलेली पुडी या कसोटीला उतरत नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहता हीच पद्धत न्याय्य आहे, कारण सर्व्हिंग लहान करून त्यातून सुटता येत नाही.

भारतातही वेष्टनबंद पदार्थांवर १०० ग्रॅम, १०० मिलिलिटर किंवा एका वेळी संपणाऱ्या वेष्टनामागची ऊर्जा छापणे सहसा बंधनकारक आहे. इथली अधिक मोठी गल्लत ‘शुगर फ्री’ या शब्दांची होते. वरून साखर न घातलेल्या पेढ्या-बर्फीतही खव्याचा स्निग्धांश आणि दुधातली साखर असतेच. माल्टिटॉलसारख्या पर्यायांतूनही ग्रॅममागे दोनेक कॅलरी मिळतात. मधुमेही माणूस असे पेढे निर्धास्तपणे दोनाऐवजी चार खातो आणि सुट्या मिठाईच्या दुकानात त्याला पोषणतक्ता पाहायलाही मिळत नाही.

प्रत्येक वेळी लेबल कमीच सांगते असे नाही. कॅलरी बहुधा विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या गुणकांनी काढतात : प्रथिने व कर्बोदके ग्रॅममागे ४, स्निग्धांश ९. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळले की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरीच मिळतात; गुणकांनुसार त्या १६५ च्या पुढे जातात. न फुटलेल्या पेशींतला स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. बदाम बारीक वाटून लोण्यासारखे केले, की हा फरक जवळपास नाहीसा होतो.