लॉर्ड क्लेअर : मुंबई इलाख्याचे आयरिश गव्हर्नर

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांपैकी एल्फिन्स्टन आणि माल्कम यांची नावे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची असली, तरी माल्कम यांच्यामागून लवकरच आलेल्या लॉर्ड क्लेअर यांच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही. जॉन फिट्झगिबन, दुसरे अर्ल ऑफ क्लेअर, यांचा जन्म १७९२ साली एका आयरिश उमराव घराण्यात झाला. ‘अर्ल’ ही सरदारवर्गातील वरच्या श्रेणीची वंशपरंपरागत पदवी होय. त्यांचे वडील आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायाधिकारी होते आणि डब्लिनची संसद मोडीत काढून तो देश १८०१ पासून ब्रिटनमध्ये विलीन करणाऱ्या कायद्याचे ते खंदे पुरस्कर्ते होते. ते १८०२ मध्ये वारले, तेव्हा पदवी नऊ वर्षांच्या मुलाकडे आली. हॅरोच्या शाळेत या मुलाचा कवी बायरनशी जडलेला स्नेह पुढेही टिकला.

मार्च १८३१ मध्ये क्लेअर यांनी मुंबईची सूत्रे हाती घेतली. त्या काळी गव्हर्नरांचे निवासस्थान परळला, मूळच्या जेझुइट पाद्र्यांच्या वास्तूत होते. पुढच्याच वर्षी, जून १८३२ मध्ये, पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली. पारशी धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो आणि ‘सगदीद’ या अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवण्याची चाल आहे; त्यामुळे समाज खवळला, कोटातील दुकाने बंद पडली, लष्कराची रसद अडवली गेली आणि अखेर सरकारला फौज बोलवावी लागली.

त्याच साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने हिंदी लोकांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्याची वाट मोकळी केली. या मानाच्या पदाकडे किरकोळ न्यायदानाबरोबरच शहराची कर-आकारणी व साफसफाई यांवरील देखरेखही असे. दोन-तीन वर्षांतच गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे नागरिक त्या पदावर आले. याउलट १८३३ च्या सनद कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून तो कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलकडे सोपवला. एप्रिल १८३४ पासून मुंबईच्या गव्हर्नरांना स्वतः कायदा करता येईना. हव्या असलेल्या कायद्याचा मसुदा त्यांना कलकत्त्यास पाठवावा लागे. वडिलांनी डब्लिनची विधिसत्ता लंडनच्या हवाली केली आणि मुलाच्या कारकिर्दीत मुंबईची कलकत्त्याच्या हवाली झाली.

क्लेअर १८३५ मध्ये पायउतार झाले आणि १८५१ मध्ये निपुत्रिक वारले. पदवी धाकट्या भावाकडे गेली व १८६४ मध्ये घराण्याबरोबर संपली. भायखळ्याच्या क्लेअर रोडला, म्हणजे आजच्या मिर्झा गालिब मार्गाला, त्यांचेच नाव होते. त्यांच्या काळातील दोन्ही मोठे बदल लंडनमध्ये ठरले होते. त्यांच्याकडे अंमलबजावणीच तेवढी उरली होती. मुंबईला कायदे करण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने परत मिळाला आणि १८६२ मध्ये स्थापन झालेल्या कायदेमंडळात जगन्नाथ शंकरशेट सभासद म्हणून बसले.