चेंडू टाकण्याची मजुरी

मोखाडा तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर गेलात, तर मजूर पहिल्याने विचारतो तो प्रश्न एकच: हजेरीपटावर माझे नाव लागले ना? ज्या खेळाडूची हकीकत मी आज सांगणार आहे, त्याचा हिशेबही ह्याच प्रश्नाने तपासावा, असे माझ्यासारख्या संघटनेच्या कार्यकर्त्याला वाटते.

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडावी, रूळ फिरवावा, ह्या कामाचे त्यांना महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. तासन्‌तास त्यांनी डाव्या हाताने फिरकी टाकावी. बॅट मात्र साहेबांनीच धरावी! चेंडू टाकणे ही मजुरी आणि बॅट चालवणे ही हौस, अशी ती वाटणी होती. परंतु त्या मजुरीतूनच हात तयार झाला.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांवर मात करावयाची होती, तेव्हा हा हात हवासा झाला. मैदानावर सोबत्यांनी त्यांच्याच हातचा चेंडू झेलावा. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळावा, असा तो व्यवहार होता. प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. १९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले आणि कर्णधारपदासाठी त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निवेदन करून संघाबाहेर पडले. आमच्या भाषेत ह्याला संप म्हणतात, आणि तो फुकट गेला नाही. पुढच्याच सामन्यात भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळू १९५५ साली वारले. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, असा त्यांचा हिशेब नोंदलेला आहे. बळींचा हिशेब लागला. अधिकाराचा लागला नाही, आणि जो थोडा लागला तो भावांनी काम थांबवल्यावर. आपल्या गावी कष्टाला एक माणूस आणि मानाला दुसरा अशी वाटणी चालू असेल, तर घरी जाताना ही हकीकत आठवावी, एवढीच विनंती.