शिंग, सुई आणि शिकाऊ डॉक्टर



गेल्या पंधरवड्यात आमच्या खिल्लार बैलाचं डावं शिंग काढावं लागलं. शिंगाचा कॅन्सर. मान एका अंगाला झुकवून उभा राहायचा, सारखं डोकं झटकायचा, त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचं पाणी यायचं. शिंग बुडाशी गरम आणि मऊ लागत होतं.

डॉक्टरसाहेबांबरोबर इंटर्नशिप करणारी एक मुलगी आली होती. आदल्या दिवशीच तिचा फोन, "काका, रात्रीपासून वैरण बंद ठेवा. भरल्या पोटी पाडला तर फुगेल." आल्यावर आधी बैलाजवळ उभी राहिली, पाठीवर हात फिरवला, मग दोर मागितला. खाली पाचटाचा जाड थर घालायला लावला. डोळा आणि शिंग यांच्या मधे सुई दिली आणि घड्याळ बघत थांबली. आमचा गडी म्हणाला, "उरका की ताई." ती म्हणाली, "दहा मिनिटं." डाव्या डोळ्याची पापणी खाली आली. शिंगाच्या बुडाशी सुईनं टोचून पाहिलं, बैल हलला नाही. तेव्हा कुठं साहेबांनी हत्यार हातात घेतलं. बैल हंबरला नाही.

मी मात्र तिथं उभा राहून पन्नास वर्षं मागं गेलो.

सत्तरच्या दशकात आजोबांच्या बैलाचं असंच शिंग काढलं होतं. आठ माणसं, कासरे आणि करवत. भूल नाही. त्यातला एक कासरा माझ्या हातात होता, मी नऊ-दहा वर्षांचा. तो बैल वाचला, पण नंतर मरेपर्यंत त्यानं डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही म्हणायचो, मारका झाला. तो मारका नव्हता, भ्यालेला होता.

तेव्हा भुलीचं औषध नव्हतं का? होतं. लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं आणि 1948 पासून विकायलाही आलं. औषध होतं, ते वापरायची शिकवण आमच्या गोठ्यापर्यंत आली नव्हती. का आली नाही, हे समजायला जरा मागं जावं लागतं.

जनावरांच्या डॉक्टरकीची पहिली शाळा फ्रान्समधल्या लिओं शहरात. 1761 ला राजाची परवानगी मिळाली, 1762 ला शाळा सुरू झाली. काढणारा क्लोद बुर्जेला, मूळचा घोडेस्वारी शिकवणारा. तेव्हा युरोपात बुळकांडीनं गुरं पटापट मरत होती. म्हणजे शाळा निघाली ती साथ थांबवायला आणि घोडे धड ठेवायला. त्यात चूक काही नाही, पण सुरुवातीपासून प्रश्न एकच होता, जनावर जगेल का आणि कामाला येईल का. त्याला दुखतं किती, हा प्रश्न अभ्यासात मागंच राहिला.

आपल्याकडं जरा वेगळं घडलं. मुंबईत 1874 साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था उभी राहिली. पुढं सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई जनावरांचा दवाखाना झाला. त्याच्याच आवारात 1886 साली मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. म्हणजे आधी दुखणाईत जनावरांचा आसरा, मग शाळा. पण सरकारपुढं संकट तेच होतं, बुळकांडी. पुढची कित्येक दशकं शक्ती लागली ती लस आणि साथीवर. ते काम थोर झालं. 2011 साली जगातून बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं. आमच्या आजोबांच्या पिढीनं दावणीच्या दावणी रिकाम्या झालेल्या पाहिल्या होत्या, त्यांना याची किंमत विचारा.

दुसरा प्रश्न इंग्लंडमध्ये जोरात पुढं आला. कोंबड्या, वासरं, डुकरं पिंजऱ्यात कोंबून पाळण्यावर रूथ हॅरिसन या बाईंनी 1964 साली पुस्तक लिहिलं, लोक खवळले, सरकारनं समिती नेमली. 1965 च्या ब्रॅम्बेल समितीनं साधं सांगितलं: जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आलं पाहिजे. त्यातूनच पुढं 'पाच मोकळिकी' ठरल्या: भूक-तहान, गैरसोय, दुखणं आणि भीती यांपासून सुटका, आणि आपल्या स्वभावाप्रमाणं वागायची मुभा. पशुकल्याण शिकवणारं जगातलं पहिलं प्राध्यापकपद केंब्रिजच्या पशुवैद्यकीय विभागात आलं 1986 साली. लिओंनंतर सव्वादोनशे वर्षांनी, आणि परळचं कॉलेज शंभर वर्षांचं झालं त्या साली!

आता आपल्याकडं पशुवैद्यकाचा अभ्यास साडेपाच वर्षांचा आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. हे एक वर्ष मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शिरा कुठून जातात हे पुस्तकात कळतं. बुजलेल्या गाईजवळ कुठल्या बाजूनं जायचं, आवाज कसा ठेवायचा, दोर किती आवळायचा, हे दावणीवरच कळतं. आणि दावण आपली आहे.

म्हणून आपल्याकडून एवढं करू. शिकाऊ पोरं आली तर "नवशिके नकोत" म्हणून परत पाठवू नका. साहेब सोबत असतील तर त्यांना हात लावू द्या. जमलं तर गोठ्याजवळ एक पक्का खोडा करा, पाडापाडीचे हाल वाचतात. शिंग काढताना, कालवडीचं शिंग जाळताना, खोंड खच्ची करताना विचारा, "साहेब, भूल द्यायची ना?" आणि ती दहा मिनिटं घाई करू नका. आपणच "उरका" म्हणत राहिलो, तर ते पोर उरकायलाच शिकेल.

बैल आता बरा आहे. जखम भरत आलीय. काल ड्रेसिंगला ती मुलगी आली, तर यानं स्वतःहून मान पुढं केली. मी बघतच राहिलो.